ट्रॅक्टर सकाळी सेल्फ घेत नाही. कटआउट बदलू का?

प्रश्न
३ सिलिंडर डिझेल ट्रॅक्टर, १२ व्होल्ट, ७५ एएचची (अँपिअर-तास) नवी बॅटरी. संध्याकाळी बंद केल्यावर १२.६ व्होल्ट, सकाळी १२.०. इंजिन १५०० आरपीएमवर असताना १३.२, हेडलाइट लावले की १२.७. मेकॅनिक म्हणतो कटआउट गेलाय. कटआउट म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर; माझ्याकडे तो डायनामोच्या (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) आतच बसवलेला आहे. खोलायच्या आधी काय तपासू?

उत्तर १
आधी फॅन बेल्ट. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिमी दबला पाहिजे. चकाकत असेल तर ताण बरोबर असूनही लोडवर घसरतो.
मग वायरिंग. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, मल्टिमीटर डीसीवर. एक टोक डायनामोच्या बी प्लस बोल्टवर (बॅटरीकडे जाणारी जाड वायर जिथे लागते), दुसरं बॅटरीच्या प्लसवर. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर वायरच्या टोकाचा लग किंवा वायर खराब. तसंच डायनामोची बॉडी ते बॅटरीचा मायनस, इथे ०.२च्या वर नको. गंजलेल्या अर्थिंगपायी चांगले डायनामो उगाच खोलले जातात.

उत्तर २
वायरिंगने चार्जिंग कमी होईल, पण रात्रीत बॅटरी उतरणार नाही. दोन्ही एकत्र म्हणजे माझा संशय डायनामोतल्या डायोडवर, जो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. भाऊ, एवढं बघून सांगा: चावी लावल्यावर चार्जिंगचा दिवा पेटतो का? आणि इंजिन बंद, चावी काढलेली असताना डायनामोच्या मागच्या बेअरिंगजवळ पाना धरा, खेचला जातो का?

प्रश्नकर्ता
वायरिंग ठीक, दोन्हीकडे ०.१. दिवा चावी लावल्यावर पेटत नाही, काढल्यावर अगदी मंद दिसतो. पाना चिकटतो! इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावला, बॅटरीशी ०.८.

उत्तर २
मग प्लसकडचा एक डायोड शॉर्ट आहे. बॅटरीचा करंट त्यातून उलटा शिरून फील्डमध्ये (रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या कॉइलमध्ये) जातो, म्हणून बंद इंजिनातही रोटर चुंबक झालाय. फील्ड २-३ अँपिअर खातं. रात्रीच्या दहा तासांत २०-३० एएच गेले. कटआउट बदलून काही होणार नाही, आणि डायोड चांगले असते तर एसी ०.१च्या आसपासच दिसलं असतं.
रेक्टिफायर प्लेट, म्हणजे डायोड बसवलेली प्लेट, पूर्ण बदला. स्टेटरच्या (न फिरणाऱ्या कॉइलच्या) तारा सोडवून जुन्या प्लेटचे डायोड मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासा: एका बाजूने ०.५ ते ०.७ व्होल्ट, उलट बाजूने काहीच नाही. दोन्हीकडे शून्य आला तो मेलेला. खोललंच आहे तर कार्बन ब्रशही बघा.

उत्तर १
खोलताना बॅटरीचा मायनस आधी काढा. बी प्लस थेट बॅटरीवर असतो, पाना बॉडीला लागला की ठिणगी. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून "चार्ज करतोय का" बघायची सवय तर सोडाच. त्याच झटक्याने डायोड उडतात. ट्रॉलीचं वेल्डिंग करतानाही वायर काढलेली बरी.
प्लेट बसवल्यावर बॅटरी आधी बाहेर ७ अँपिअरवर पूर्ण चार्ज करा. मग १५००ला १३.८ ते १४.४ मिळायला हवं. १५च्या वर गेलं तर मात्र कटआउट.