मदत हवी आहे: ५८ मुलांचे १२ गट ऑनलाइन नेम पिकरने कसे पाडावेत?

खडूफळा
मुंबईतल्या कॉलेजात एसवाय बीकॉमचा वर्ग, ५८ मुलं. सर्वेक्षणाच्या प्रोजेक्टसाठी १२ गट पाडायचे आहेत. मुलांवर सोडलं तर ठरलेले कंपू होतात आणि सात-आठ जण कुणालाच नको असतात. म्हणून चिठ्ठी पद्धत, पण ऑनलाइन, वर्गातल्या प्रोजेक्टरवर सगळ्यांसमोर.

नेम पिकरचं फिरणारं चक्र एका वेळी एकच नाव काढतं. ५८ वेळा फिरवत बसलं तर ४८ मिनिटांचा तास त्यातच संपेल. शिवाय प्रत्येक गटात एक्सेल नीट येणारं एक तरी कुणी हवं, आणि अशी मुलं १४ आहेत. विरार, बदलापूर आणि पनवेल अशा लोकलच्या तीन वेगळ्या लाइनींवरची मुलं एका गटात आली की भेटायचं कुठे, यावरून रडारड ठरलेली. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, निकाल लागला की "तुम्ही आधी घरी फिरवून बघितलं असणार" म्हणणारे असतातच. त्यांना काय दाखवायचं?

आकडेमोड
चक्र एक विजेता काढायला ठीक आहे. गट पाडायचे तर अख्खी यादी एकदाच पिसायची आणि पत्ते वाटतात तशी वाटून टाकायची.

गुगल शीटमध्ये तीन रकाने करा: रोल नंबर, नाव, एक्सेल येतं का (हो/नाही). "हो" वाल्या १४ ओळी वर, बाकीच्या ४४ खाली. आधी वरच्या १४ ओळी निवडा आणि डेटा मेनूतून "रँडमाइझ रेंज" द्या. मग खालच्या ४४ निवडून तेच करा. निवडताना तिन्ही रकाने घ्या, शीर्षकाची ओळ सोडा. फक्त नावांचा रकाना निवडला तर नावं हलतात आणि रोल नंबर जागच्या जागी राहतात. मग कुणाचा नंबर कुणाला लागला हे निस्तरत बसावं लागतं.

आता चौथ्या रकान्यात वरून खाली १ ते १२, परत १ ते १२ असे गट क्रमांक भरा. १ ते १२ लिहून नुसतं खाली ओढलंत तर शीट १३, १४ करत पुढे जाते, म्हणून बाराचा ठोकळा कॉपी-पेस्ट करा. ४४ ची यादी सुरू होते तिथे पुन्हा १ पासून सुरू करू नका. आकडे सलग जाऊ द्या, ती यादी ३ पासून सुरू होईल. असं केलं की १ ते १० गट पाच-पाच जणांचे, ११ आणि १२ चार-चारांचे, आणि एक्सेलवाला प्रत्येकात किमान एक. पुन्हा १ पासून केलंत तर पहिले दोन गट सहा-सहांचे आणि शेवटचे चार गट चौघांचे होतील.

ही दोन टप्प्यांची भानगड कशाला, असं कुणी विचारलं तर हिशेब दाखवा. ५८ नावं सरसकट पिसली तर पाच जणांच्या गटात एकही एक्सेलवाला नसण्याची शक्यता साधारण २४ टक्के आहे. म्हणजे १२ पैकी सरासरी तीन गट कोरडे. नशीब वाईट असण्याची गरज नाही, हे होणारच.

कोडकर
आकडेमोड यांच्याशी सहमत. काही जण प्रत्येक नावापुढे १ ते १२ मधला रँडम आकडा काढतात, ते मात्र करू नका. त्यात गट समान होत नाहीत. एकात दोघं आणि दुसऱ्यात नऊ जण हे सहज होतं. आणि रँड फंक्शन वापरणार असाल तर ते शीटमधल्या प्रत्येक बदलाला नवा आकडा काढतं. गट वाचून दाखवताना कुणी एखाद्या नावाचं स्पेलिंग दुरुस्त केलं की आकडे तिथल्या तिथे बदलले! आकडे आले की लगेच कॉपी करून "फक्त व्हॅल्यू" पेस्ट करायच्या, सॉर्ट त्यानंतर.

वेबसाइटच हवी असेल तर रँडम डॉट ऑर्गचं लिस्ट रँडमायझर. १९९८ पासून चालू आहे, वातावरणातल्या रेडिओ गोंगाटावरून आकडे काढतं आणि निकालाखाली वेळ छापतं. "हो" वाली आणि "नाही" वाली यादी वेगवेगळी टाका. यादीत फक्त रोल नंबर द्या. पूर्ण नावं आणि मोबाइल नंबर कुठल्याही साइटवर चिकटवायची गरज नाही, शिवाय वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असल्या तरी घोळ होत नाही. यादीत मध्ये रिकाम्या ओळी राहिल्या नाहीत ना, तेही बघून घ्या.

अनोळखी साइट्सबद्दल मी जरा संशयी आहे. यादी पिसण्याचा बरोबर प्रकार म्हणजे फिशर-येट्स: शेवटच्या जागेपासून सुरुवात करून प्रत्येक जागेवर उरलेल्यांतलं एक नाव रँडम काढून ठेवायचं. त्याऐवजी सॉर्टला "लहान-मोठं" विचारताना नाणेफेक केल्यासारखं उत्तर द्यायचं, हा शॉर्टकट खूप कोडमध्ये सापडतो आणि त्यात काही जागा काही नावांना जास्त मिळतात. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपसाठी केलेल्या ब्राउझर निवडीच्या पानावर हीच चूक निघाली होती. चक्राच्या काही साइट्सवर तर नावाला कमी-जास्त वजन देता येतं, आणि फिरताना ते समोरच्याला कळेलच असं नाही.

गिरगावकर
एवढं कशाला? डब्यात ५८ चिठ्ठ्या टाका, सीआरला (वर्गप्रतिनिधीला) काढायला लावा. नेटची भानगड नाही.

आकडेमोड
चालेल, पण ढवळणं नीट हवं. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत लष्करभरतीची सोडत झाली. ३६६ जन्मतारखांच्या कुप्या महिन्यामहिन्याने भांड्यात टाकलेल्या, पुरेशा मिसळल्याच नाहीत. वर्षअखेरचे वाढदिवस लवकर निघाले. रोल नंबरच्या क्रमाने चिठ्ठ्या टाकून दोनदा डबा हलवला की तेच होणार. कागद एकाच मापाचा, घड्याही सारख्याच, आणि डबा निम्मा रिकामा हवा.

चर्नीरोडकर
विश्वासाचा प्रश्न असेल तर सेन्सेक्स घ्या. "उद्याच्या बंद भावाचे दशांशानंतरचे दोन अंक, तेवढ्याव्या रोल नंबरपासून वाटायला सुरुवात" असं आदल्या दिवशीच जाहीर करा. ते अंक काही मॅडमच्या हातात नाहीत.

कोडकर
कल्पना छान, पण अशी नाही. रोल नंबरच्या क्रमाने वाटलं तर ५ आणि १७ हे बहुतेक वेळा एकाच गटात येतात. सुरुवात त्या दोघांच्या मध्ये पडली तरच सुटतात. बदलतो तो फक्त गटाचा नंबर. शिवाय ०० ते ९९ हे अंक ५८ जणांत बसवताना ४२ जणांना दोन संधी मिळतात आणि १६ जणांना एकच.

सेन्सेक्स वापरायचाच तर पूर्ण बंद भाव, दशांशासकट, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या शफलला (यादी पिसणाऱ्या फंक्शनला) सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, म्हणून द्या. कोड आणि रोल नंबरची यादी आदल्या दिवशी ग्रुपवर टाका. दुसऱ्या दिवशी कुणीही तोच कोड त्याच आवृत्तीत चालवला की तोच क्रम मिळतो. मग भांडायला काही उरत नाही.

खडूफळा
हे फार उपयोगी. पण बीकॉमच्या वर्गाला पायथन जरा जड जाईल. साध्या शीटवर त्यांना पटेल असं काही?

आकडेमोड
नियम आधी ग्रुपवर टाका: कुठलं साधन, किती गट, एक्सेलवाले कोण, गैरहजर मुलांची नावंही यादीत असतील, आणि बटण एकदाच दाबलं जाईल. तुम्ही दाबू नका, सीआरला दाबू द्या. निकालाचा स्क्रीनशॉट तिथल्या तिथे ग्रुपवर. शीटची व्हर्जन हिस्टरी (आधीच्या बदलांची नोंद) दाखवता येते, पण ती थोड्या-थोड्या वेळाने केलेले बदल एकत्र बांधते, त्यामुळे पुरावा म्हणून तिच्यावर फार विसंबू नका.

पक्षपात शिरतो तो बहुधा पुन्हा दाबण्यातून. "या दोघी एकत्र आल्या, परत करू" म्हटलं की निवड तुम्हीच केलीत. कुठल्याही दोघी एकाच गटात येण्याची शक्यता साधारण १५ त १ आहे. वर्गात मैत्रिणींच्या पंधरा जोड्या असतील तर सरासरी एक जोडी एकत्र येणारच.

गिरगावकर
लाइनचं राहिलं. भेटायला दादर ठरवून टाका, वेस्टर्न-सेंट्रल दोन्ही तिथे. हार्बरवाल्यांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागेल, तेवढं चालतंय.

आकडेमोड
बरोबर. लाइनसुद्धा अट म्हणून घातलीत तर १४ एक्सेलवाले आधी तीन लाइनींत विभागले जातात. मग एखाद्या लाइनीला तीन गट आणि एक्सेलवाले दोनच, अशी वेळ येऊ शकते. एकच अट ठेवा.

खडूफळा
शेवटचा प्रश्न. उशिरा अॅडमिशन झालेला एक जण पुढच्या आठवड्यात येईल.

आकडेमोड
तो ११ किंवा १२ मध्ये. दोन्ही चौघांचेच आहेत, छापा-काटा करा. फक्त हेही त्या आधीच्या मेसेजमध्ये लिहून ठेवा.