मदत हवी आहे: पतसंस्थेच्या कर्ज समितीची झूम मीटिंग

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत मी काम करते. कर्ज उपसमितीच्या बैठका झूमवर होतात, होस्ट मी असते. अर्जदाराचं उत्पन्न, तारण, थकबाकी, जामीनदार, सगळं स्क्रीनवर असतं. गाव लहान आहे. कुणाचं कर्ज नामंजूर झालं हे बाहेर फुटलं तर त्या माणसाला बाजारात उधारी मिळणंही अवघड होतं.

गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने एप्रिल २०२० मध्ये झूमबद्दल सूचना काढल्या होत्या: दर बैठकीला नवा आयडी-पासवर्ड, वेटिंग रूम, स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे, सगळे आले की मीटिंग लॉक. हे सगळं मी सुरू केलंय.

अडचण अशी की वेटिंग रूममध्ये संचालकांच्या नावाऐवजी 'रेडमी', 'गॅलेक्सी' असं दिसतं. मग एकेकाला फोन करून खात्री करते, त्यात बैठक खोळंबते. लॉक केल्यावर कुणाची रेंज गेली की पुन्हा उघडावं लागतं. वेटिंग रूम चालू असताना लॉकची खरंच गरज आहे का?

एक संचालक बैठकीचा फोटो स्टेटसला ठेवतात. नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपीय संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत एक डच पत्रकार शिरला होता, कारण ट्विटमधल्या फोटोत सहा अंकी पिनचे पाच अंक दिसत होते. हे त्यांना सांगून पाहिलं. वयाने, मानाने मोठे आहेत, त्यामुळे फार बोलता येत नाही. दुसऱ्या एकांच्या नावाने नोट्स घेणारा एआय बॉट आपोआप येतो. तो मी काढून टाकते, कारण आपलं बोलणं कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं हे मला माहीत नाही.

सगळ्यात मोठा पेच रेकॉर्डिंगचा. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (बैठकीतल्या लोकांशिवाय कुणालाच, झूमलाही, बोलणं उलगडता येत नाही अशी सोय) लावलं की क्लाउड रेकॉर्डिंग, म्हणजे झूमच्या सर्व्हरवर साठणारं, बंद होतं. कॉम्प्युटरवर करता येतं, पण ऑफिसच्या त्या मशीनवर काउंटरचे बाकीचे लोकही बसतात. माझ्या मते रेकॉर्डिंगच नको, इतिवृत्त पुरे. अध्यक्षांना मात्र गैरहजर सभासदांसाठी ते हवंच आहे.

तुमच्या संस्थेत हे कसं करतात? अध्यक्षांसमोर ठेवता येईल असा एखादा मुद्दा सुचवाल का? आणि रेकॉर्डिंग ठेवावंच लागलं तर विंडोज १० होमवर एकच फोल्डर कुलूपबंद करण्याचा भरवशाचा मार्ग कोणता? पुढची बैठक सोमवारी आहे.