विंडोज ११ टाकल्यावर सोसायटीच्या कॉम्प्युटरचा घोळ : फॉरमॅट मारू का?

मुलुंडकर :
नमस्कार मंडळी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी आमच्या सोसायटी ऑफिसातला कॉम्प्युटर गेल्या आठवड्यापर्यंत त्यावरच होता. आता ११ टाकलं आणि प्रिंटर सतत ऑफलाइन दाखवतोय. मंगल फॉन्टमधल्या जुन्या नोटिसा विस्कटल्यात, सह्यांची जागा भलत्याच पानावर जाते. हिशोबाचं सॉफ्टवेअर यूएसबी लॉक (पेनड्राइव्हसारखी दिसणारी लायसन्सची चावी) लावूनही 'लॉक सापडत नाही' म्हणतं. मशीनही मंदावलंय. लॅमिंग्टन रोडवरचा दुरुस्तीवाला फॉरमॅट मारा म्हणतो. मेंटेनन्सची बिलं काढायची आहेत. काय करू?

टंकलेखनिक :
काका, फॉरमॅट अजिबात नको! हिशोबाचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवणं, लायसन्स शोधणं, सगळं मागे लागेल. आधी हिशोबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या.

अपग्रेडनंतर साधारण १० दिवस मागे फिरता येतं : सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे 'गो बॅक'. फक्त डिस्क क्लीनअप करताना 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' उडवू नका. ती वाट कायमची बंद होते.

नोटिसांचं काम सोपं आहे. मंगल हा विंडोज १० पासूनच मूळ संचात नाही, तो वेगळ्या पॅकमध्ये असतो. तो नसला की वर्ड दुसरा फॉन्ट घालतं, अक्षरांची रुंदी आणि ओळींची उंची बदलते, म्हणून पानं सरकतात. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा आणि 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' टाका. मंगलसोबत कोकिळा आणि अपराजिताही येतील. नोटिसा पुन्हा टाइप करत बसू नका.

प्रिंटर यादीतून काढून टाका, कंपनीच्या साइटवरून ११ साठीचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) घेऊन परत जोडा.

चाळकरी :
लॉक न सापडण्याचं कारण बहुतेक त्याचा जुना ड्रायव्हर. विंडोज सिक्युरिटीत 'डिव्हाइस सिक्युरिटी', मग 'कोअर आयसोलेशन' उघडा. 'मेमरी इंटिग्रिटी' हे विंडोजचं संरक्षण चालू असेल तर ती काही जुने ड्रायव्हर चालूच देत नाही. यूट्यूबवर सर्रास ती बंद करायला सांगतात, मला ते पटत नाही. त्या मशीनवर सगळ्या सभासदांचे हिशोब आहेत, संरक्षण काढू नका. सॉफ्टवेअरवाल्यांकडे लॉकचा नवा ड्रायव्हर मागा, तो नसेलच तर १० दिवस उलटायच्या आत मागे फिरा.

मुलुंडकर :
फॉन्ट टाकला, नोटीस जशीच्या तशी आली! फार आभार. ड्रायव्हरसाठी सॉफ्टवेअरवाल्यांना मेल केलाय. मंद चालण्याचं काय?

टंकलेखनिक :
अपग्रेडनंतर सर्चची यादी नव्याने बनते, अपडेट्सही मागे चालू असतात. रात्रभर मशीन चालू ठेवा, स्लीपवर जाऊ देऊ नका. तरीही मंद वाटलं तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क किती टक्के दिसते ते इथे लिहा. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची असेल आणि आकडा १०० च्या आसपासच राहत असेल, तर एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) बसवून घ्या. लॅमिंग्टन रोडला जायचंच असेल तर त्यासाठी जा.