शेजारच्या आजी व्हिएतनामला 'डोनट डॉली' होत्या, याबद्दल कोणाला माहिती आहे का?

मेधा_ओहायो
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आमच्या शेजारच्या घरात एक अमेरिकन बाई एकट्या राहतात, वय 78, मी त्यांना नावानेच हाक मारते पण इथे आजीच म्हणते. गेल्या रविवारी त्यांचं माळ्यावरचं सामान खाली काढून देत होते तर एका खोक्यात फिका निळा कॉटनचा ड्रेस निघाला, रेड क्रॉसची पिन लावलेला, आणि त्याच्याखाली घडी घातलेला पुठ्ठ्याचा मोठा बोर्ड. हाताने आखलेले चौकोन, कुठे गाडी काढलेली, कुठे बेसबॉलची बॅट, मागे पेन्सिलीने गावांची नावं. मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या 1969 ला कॉलेज संपलं आणि मी वर्षभर व्हिएतनामला होते, डोनट डॉली म्हणायचे आम्हाला. मी बघतच राहिले, 12 वर्षं शेजारी राहतोय आणि हे कधी बोलल्याच नाहीत! पुढे काही विचारायच्या आत म्हणाल्या, मी काही सैन्यात नव्हते गं, माझं काय सांगायचं, आणि खोकं बंद केलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. या मुली तिथे नक्की काय करायच्या? आणि त्यांना न दुखवता बोलतं कसं करू?

जुनी_पानं
मेधाताई, नशीबवान आहात, अशी माणसं आता फार थोडी उरलीत. हा युद्धावर गेलेल्या अमेरिकन सैनिकांचं मन रमवायचा रेड क्रॉसचा कार्यक्रम होता, कोरियात 1953 ला सुरू झाला, आणि व्हिएतनाममध्ये 1965 ते 1972 एवढ्या काळात 627 मुली जाऊन आल्या. कॉलेजची डिग्री हवी, लग्न झालेलं नको, वय साधारण 21 ते 24. पगार थोडाफार मिळायचा पण जायची सक्ती कोणालाच नव्हती, स्वतःहून अर्ज करून गेल्या सगळ्या. डोनट म्हणाल तर कोरियात खरंच तळायच्या, व्हिएतनामच्या उकाड्यात ते फारसं जमायचं नाही, तिथे सरबत असायचं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तो बोर्ड मात्र जपा. हे खेळ मुली स्वतः बनवायच्या, टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेसारखे, गाड्या, खेळ, गाणी, भूगोल असले विषय. दोघी-दोघींनी हेलिकॉप्टरमधून लांबच्या फायरबेसवर, म्हणजे तोफांच्या तळावर, जायचं, मातीत बसलेल्या पोरांच्या दोन टीम पाडायच्या आणि तासभर खेळ घ्यायचा, मग जेवणाच्या लाइनीत उभं राहून वाढायचं, आणि परत हेलिकॉप्टर, पुढचा तळ. मागे पेन्सिलीने लिहिलेली नावं तळांची असावीत असं मला वाटतं.

डोनटचं मूळ पहिल्या महायुद्धात आहे. 1917 ला फ्रान्समध्ये साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या हेलन पर्विअन्स आणि मार्गारेट शेल्डन या दोघींनी पावसाचिखलात सैनिकांसाठी डोनट तळले, लाटणं नव्हतं म्हणून बाटलीने कणीक लाटली, कढई एवढीशी की एका घाण्याला सातच, तरी पहिल्या दिवशी 150 काढले. दुसऱ्या महायुद्धात रेड क्रॉसने लंडनच्या बस आणि नंतर मोठे ट्रक घेऊन आत डोनटचं मशीन बसवलं, त्यांना क्लबमोबाईल म्हणायचे, 1944 ला नॉर्मंडीत सैन्य उतरल्यावर काही आठवड्यांत हे ट्रकही फ्रान्समध्ये पोचले.

निखिल_ठाणे
माहिती छान आहे पण मला एक खटकतं ते बोलतो. बावीस वर्षांच्या पोरींना गोळीबाराच्या जागी कशासाठी पाठवायचं, तर पोरांनी त्यांच्याकडे बघून हसावं म्हणून? हे सैन्याचं काम झालं का? त्या मुलींचा विचार कोणी केला?

जुनी_पानं
निखिल, प्रश्न बरोबर आहे, आणि फार कमी लोकांनी विचार केला हेही खरं. चेहरा हसरा ठेवायचा, घराची आठवण द्यायची, हेच काम होतं. काल ज्याच्याबरोबर खेळ खेळलो तो आज नाही हे कळलं तरी पुढच्या तळावर परत हसतच उतरायचं. तिघी तिथेच गेल्या, एक जीपच्या अपघातात, एकीचा खून झाला, एक आजाराने. वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धात गेलेल्या सैनिकांची नावं कोरलेली काळी दगडी भिंत आहे, तिच्यावर त्यांची नावं नाहीत कारण त्या सैन्यात नव्हत्या. घरी परतल्यावर लोकांनी भलतेसलते तर्क केले ते वेगळंच, कित्येकींनी मग वर्षानुवर्षं तोंडच उघडलं नाही. 1993 ला भिंतीजवळ बायकांचं स्मारक झालं तेव्हा कुठे बऱ्याच जणी बोलायला लागल्या. पण त्यांना नुसत्या बघायच्या बाहुल्या समजू नका, काम त्यांनी निवडलं होतं आणि मनापासून केलं.

सुभेदाराची_लेक
मेधा, बोलतं कसं करायचं यावर सांगते. माझी आई 1971 च्या युद्धात पुण्यातल्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये जखमी जवानांची पत्रं लिहून द्यायला जायची, ज्यांचे हात बँडेजमध्ये होते त्यांची. परदेशात नाही गेली, पण काम त्याच जातीचं. आम्ही लहानपणी विचारायचो युद्ध कसं होतं, तर ती गप्प. मी मोठी झाल्यावर एकदा सहज विचारलं, आई, पत्रात सुरुवात काय करायचे गं ते? तर दीड तास बोलली. म्हणाली सगळे पहिलं वाक्य हेच सांगायचे की मी मजेत आहे, आणि एकाचा पाय कापलेला होता, त्यानेही तेच लिहायला लावलं, आणि तिने लिहिलं, पत्रावर पाणी पडू नये म्हणून मान वळवून. तर तू युद्धाबद्दल विचारू नकोस, बोर्डबद्दल विचार. आणि हो, तो बोर्ड लॅमिनेट वगैरे करू नकोस, खराब होतो, ॲसिड नसलेल्या कागदात ठेव.

मेधा_ओहायो
सगळ्यांचे खूप आभार. काल संध्याकाळी चहा घेऊन गेले आणि ताईंनी सांगितलं तसं फक्त एवढंच विचारलं की हा खेळ खेळायचा कसा. आजींनी बोर्ड टेबलावर पसरला, मला आणि माझ्या मुलाला दोन टीम केलं आणि उभं राहून प्रश्न विचारायला लागल्या, आवाजच बदलला त्यांचा, मोठा आणि ठणठणीत. मग मागची नावं वाचून दाखवली, कू ची, लाय खे, एकेक बोट ठेवून. एका नावावर बोट थांबलं. म्हणाल्या इथे एक मुलगा प्रत्येक उत्तर मुद्दाम चुकवायचा, म्हणजे खेळ लांबेल आणि आम्ही जरा उशिरा निघू. त्याचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. शनिवारी परत बोलावलंय, फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल म्हणाल्या.