उंबराच्या बिया रुजत नाहीत, केंबरांमुळे का?

बांधावरची_झाडं (पलूस):
ओढ्याकाठी लावायला उंबराची रोपं बियांपासून करायची आहेत. दोन ट्रे भरले, एक कोंब नाही. फळं फोडली तर आत नुसती केंबरं (बारीक उडते किडे). झाडावर औषध मारून मग फळं घ्यावीत का? शिवाय द्राक्षबागेलगतच्या झाडाची उंबरं हिरवी असतानाच गळतात.

पानोपानी:
औषध अजिबात मारू नका. केंबरं नाहीत तर बीही नाही. उंबर म्हणजे आत वळलेला फुलोरा, म्हणून तर 'उंबराचं फूल' कुणाला दिसत नाही. उंबराच्या केंबराची, म्हणजे सेराटोसोलेन फ्युसिसेप्सची मादी, जेमतेम दोन मिलिमीटरची, टोकाच्या खवलेदार भोकातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तिथेच तुटतात. छातीवरच्या खिशांतला पराग ती फुलांना लावते, आखूड दांडीच्या फुलांत अंडी घालते नि आतच मरते. लांब दांडीच्या फुलांच्या तळाशी तिची अंडी घालायची नळी सहसा पोचत नाही, तिथे बी धरतं. अंडी घातलेल्या फुलांच्या गाठी होतात. पुढे बिनपंखी नर आधी बाहेर येतात, गाठीतल्या माद्यांशी मीलन करतात नि बोगदा कोरतात. माद्या पराग भरून उडतात. हाती एक-दोन दिवस, आणि एका झाडाची उंबरं बहुधा एकाच वयाची, म्हणजे दुसरं झाड गाठावंच लागतं. वडाचं केंबरू निराळं, ते उंबराच्या कामाचं नाही.

कोयना_काठ:
गळलेलं हिरवं उंबर उभं चिरा. आत पंख तुटलेली मेलेली मादी नसेल तर परागच पोचला नाही, झाड असा फुलोरा टाकून देतं. बागेतल्या फवारणीचा उडता फवारा हे कारण असू शकतं. मादी सापडली तर पाण्याचा ताण बघा. लांब शेपटीसारखी नळी बाहेरून खुपसणारे कीटक दिसले तर ते परागाचे हमाल नव्हेत, फुकटे आहेत.

पानोपानी:
आता बियांचं. झाडावरची लाल, मऊ, भोक पडलेली उंबरं घ्या. भोक म्हणजे केंबरं निघून गेली. हिरवी तोडलीत तर बी कच्चंच. गर पाण्यात कुस्करा. तरंगतात त्या बहुतेक रिकाम्या गाठी, ओतून टाका. तळाशी बसतं ते बी. एक मिलिमीटरच्या आसपासचं, म्हणून बारीक वाळूत मिसळून पृष्ठभागावरच पसरा. पुरलंत तर कोंब वर येत नाही, आणि उजेडही लागतो. झारीनं पाणी घातलं की बी वाहून जातं. ट्रे खालून भिजवा. वर काच ठेवलीत तर रोज थोडी हवा द्या, नाहीतर रोपं मुळाशी कुजतात. दोन ते चार आठवडे वाट बघा.

बांधावरची_झाडं:
मग पुरंदरच्या अंजिराला केंबरं लागतात का?

कोयना_काठ:
नाही. ते परागाविनाच धरतं. त्यातलं बी पोकळ, रोपं फाट्यांपासूनच करतात.