पगाराचा चौथा हिस्सा शाळेच्या फीत घालावा का?

मधली सुट्टी
लेक सहा वर्षांची झाली, पहिलीत घालायची आहे. चालत दहा मिनिटांवर सरकारी शाळा आहे. एका खासगी शाळेतही प्रवेश मिळतोय, पण तिथली फी आम्हा दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा खाईल. नवरा म्हणतो, लेकीच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा नाही. मी विचारलं, या पैशांत नेमकं काय मिळणार? त्याचं उत्तर, "चांगलं शिक्षण." एवढ्यावर बारा वर्षांचा निर्णय घ्यायला मन धजत नाही. तुम्ही कसं ठरवलंत? नंतर पस्तावलात का? स्पष्ट लिहा.

ताळेबंद
आधी बारा वर्षांची बेरीज कागदावर मांडा. पहिलीची फी गुणिले बारा असा हिशेब बरेच जण करतात आणि तिथेच फसतात. फी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत गेली, तर बारा वर्षांत मिळून पहिल्या वर्षाच्या २१ पटींहून जास्त रक्कम भरावी लागते. शेवटच्या वर्षाची फी पहिल्या वर्षाच्या पावणेतीन पटींच्या वर जाते. पगार त्याच वेगाने वाढला तर चौथा हिस्सा चौथाच राहील, पण तो तसा वाढेलच याची हमी कोण देणार? बस, गणवेश, सहली वेगळ्या. दुसरं मूल झालं तर सगळं दुप्पट, कारण एकाला तिथे आणि दुसऱ्याला इथे हे घरात निभत नाही. आणि आठवीत फी झेपेना म्हणून शाळा सोडावी लागली, तर ते मुलांना फार लागतं. नोकरी गेली तरी वर्षभराची फी भरता येईल एवढी शिल्लक नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

निळी शाई
हिशेब पटला. माझा आक्षेप त्याच्याही आधीचा आहे. खासगी शाळांचे निकाल चांगले दिसतात, पण ते कुठल्या घरातल्या मुलांचे असतात? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पियान्टा आणि अन्सारी यांनी १,०९७ मुलांची जन्मापासून पंधराव्या वर्षापर्यंतची माहिती तपासली. २०१८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. वरवर पाहता खासगी शाळेत गेलेली मुलं पुढे होती. घरच्या उत्पन्नाचा फरक हिशेबात धरल्यावर ती आघाडी उरली नाही. जे घर एवढी फी भरू शकतं, ते मुलाला शाळेबाहेरही बरंच काही देत असतं.

दुसरा बाक
सरासरी घेऊन मी काय करू? माझा मुलगा तिसरीपर्यंत वाचू शकत नव्हता. वर्गात ४८ मुलं. बाई मनापासून शिकवायच्या, पण त्याच्याजवळ बसायला त्यांना दिवसाकाठी पाच मिनिटंही मिळत नव्हती. आळशी म्हणून त्याच्यावर शिक्का बसला होता. खासगी शाळेत २२ जणांचा वर्ग मिळाला आणि पहिल्याच महिन्यात तिथल्या विशेष शिक्षिकेने आम्हाला बोलावून डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाण्याची, शंका बोलून दाखवली. आता तो सातवीत आहे आणि धाकट्या बहिणीला रात्री गोष्ट वाचून दाखवतो. गाडी विकली, घराच्या कर्जाची मुदत वाढवली. एकदाही पस्तावलो नाही. लहान वर्गाचा फायदा तर प्रयोगानेही दिसलाय. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं, कोण कुठल्या वर्गात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, १३ ते १७ मुलांचे आणि २२ ते २५ मुलांचे वर्ग चालवले गेले. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली.

निळी शाई
तुमचा मुलगा वाचायला लागला याचा मनापासून आनंद झाला. पण टेनेसीच्या मोजमापात तुमचा २२ जणांचा वर्ग मोठ्या वर्गात मोडतो. मला वाटतं, त्याला तारलं ते त्या विशेष शिक्षिकेने. तशी व्यक्ती कुठल्या शाळेत आहे, हा प्रश्न 'खासगी की सरकारी' याहून वेगळा आहे. आंध्र प्रदेशात मुरलीधरन आणि सुंदररामन यांनी सोडत काढून गावांमधल्या सरकारी शाळेतल्या मुलांना खासगी शाळेची फी भरणारी व्हाउचर दिली होती. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली.

उलट टपाल
अर्धंच सांगितलंत. त्याच प्रयोगात खासगी शाळांनी तेलुगू-गणिताला कमी वेळ देऊन तेवढीच प्रगती साधली. शिवाय त्यांच्याकडे हिंदी शिकवली जायची आणि त्यात ती मुलं स्पष्ट पुढे होती. दर मुलामागचा खर्चही सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी.

निळी शाई
मान्य. हे मीच लिहायला हवं होतं. मात्र त्या शाळा कमी खर्चात चालणाऱ्या होत्या. त्यांच्या जोरावर पगाराचा चौथा हिस्सा घेणाऱ्या शाळेची बाजू मांडता येत नाही.

खडू-फळा
मी दोन्हीकडे शिकवलंय. ताई, इमारत बघू नका. शाळा भरलेली असताना जा आणि वह्या मागा. सगळ्या वह्यांत तेच वाक्य, त्याच जागी, आणि खाली लाल शाईत बरोबरची खूण असेल, तर तिथली मुलं लिहीत नाहीत, फळ्यावरून उतरवतात. चुका झालेल्या आणि कुणीतरी बसून दुरुस्त केलेल्या वह्या दिसल्या, तर तिथे जरा थांबा. मग विचारा, गेल्या वर्षी पहिलीला ज्या बाई होत्या, त्या यंदा आहेत का? मी होते त्या खासगी शाळेत एका वर्गाला वर्षभरात तीन वर्गशिक्षिका बदलल्या. फी भरपूर होती, आमचे पगार तुटपुंजे, त्यामुळे बरं काही मिळालं की माणूस निघून जायचा. पालकांना प्रवेशद्वारातलं कारंजं दिसायचं, हे दिसायचं नाही. सरकारी शाळेत शिक्षक टिकून होते, पण कुणी रजेवर गेलं की दोन वर्ग एकत्र बसवायची वेळ यायची. अशा दिवशी काहीही शिकवून होत नाही, तेही विचारून घ्या.

रिकामा रकाना
मी महागड्या शाळेतली सगळ्यात कमी पैशांच्या घरातली मुलगी होते. शिक्षण उत्तम मिळालं, ते नाकारणार नाही. पण सहलीचा कागद आला की मी तो दप्तरातच ठेवायचे. बाबा जादा पाळ्या करायचे. शाळेच्या वर्षांत त्यांना मी बहुतेक झोपलेलेच पाहिले. फी जमवता जमवता आईवडील घरातून नाहीसे होणार असतील, तर तेही हिशेबात धरा.

उलट टपाल
तुमचं दुःख समजतं, तरी तुमच्या बाबांनी केलं ते मी चूक म्हणणार नाही.

निळी शाई
आणखी एक. बोलणारे, जाब विचारणारे पालक निघून गेले की सरकारी शाळेला धारेवर धरणारं कुणी उरत नाही.

दुसरा बाक
हे खरं असेल. पण शाळा सुधारेपर्यंत माझा मुलगा थांबू शकत नव्हता.

मधली सुट्टी
दोन्ही शाळांत जाऊन आलो. खासगी शाळेने वर्ग चालू असताना आत सोडलं नाही, माहितीपत्रक दिलं. सरकारी शाळेतल्या बाईंनी वह्यांचा गठ्ठाच पुढ्यात ठेवला. पहिलीत ३१ मुलं. चुका भरपूर, आणि प्रत्येक चुकीशेजारी बाईंचं अक्षर. त्या सहा वर्षं तिथेच आहेत. वर्ग एकत्र बसवावे लागतात का, तर हो, लागतात, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

नवऱ्याला पूर्ण पटलेलं नाही. त्याने अट घातली आहे: दुसरीच्या शेवटी लेकीला न पाहिलेलं पानभर वाचून अर्थ सांगता आला नाही, तर शाळा बदलायची. मी कबूल केलंय, म्हणून फीचे निम्मे पैसे दर महिन्याला बाजूला ठेवणार आहोत. सोमवारी नाव घालतोय. दुसरा बाक, वाचनाची अडचण तुम्हाला मागे वळून बघताना सगळ्यात आधी कशात दिसली असती, ते लिहाल का?