फायबरच्या डब्याला स्वतःचा राउटर जोडायचाय, लँडलाईन बंद न पाडता

चहाबाज_कर्वेनगर:
नमस्कार मंडळी, घरच्या फायबरबद्दल विचारायचंय, जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

आमचा फ्लॅट कर्वेनगरला, तिसरा मजला, बिल्डिंग जुनी. डब्बा बसवायला माणूस आला तेव्हा घरी फक्त सासरे होते, त्याने विचारलं कुठे लावू, हे म्हणाले लाव बाबा तुला सोयीचं पडेल तिथे, आणि त्याला सोयीचं काय तर दारापाशी चपलांच्या कपाटावर. माझी ऑफिसची खोली एकदम मागे, मध्ये किचन आणि बाथरूम. प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण माझ्या टेबलावर १२-१५ च्या वर काही येत नाही आणि मीटिंगमध्ये माझा चेहरा तोंड उघडं ठेवून अडकतो, त्याचे स्क्रीनशॉट टीममध्ये फिरतात ते वेगळंच.

भावाच्या सांगण्यावरून तपकीर गल्लीतून वायफाय ६ चा राउटर आणला. फायबर यायच्या आधी जो केबलवाला होता त्याने हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत पाईपातून लॅनची वायर टाकलेली होतीच, तिचं एक टोक डब्यात आणि दुसरं राउटरच्या वॅनमध्ये (बाहेरून नेट आत घ्यायचा पोर्ट) घातलं. चालू झालं! पण स्पीड ९४. दहा वेळा टेस्ट केली, ९४, ९३, ९४, पुढे सरकायलाच तयार नाही. शिवाय प्रिंटर हॉलच्या वायफायवर आणि मी मागच्या, त्यामुळे तो मला दिसत नाही आणि मी त्याला.

मग व्हिडिओ बघून डब्याचंच सेटिंग बदलायला गेले, पासवर्ड लागेना, म्हणून कानातल्याच्या दांडीने मागचं रिसेटचं भोक दाबून धरलं. झालं कल्याण. नेट गेलंच, वर सासऱ्यांचा लँडलाईन पण मुका झाला (तो त्याच डब्यातून येतो हे मला त्या दिवशी कळलं). दोन दिवसांनी लाईनमन आला, पाच मिनिटांत सगळं पूर्ववत केलं आणि जाताना म्हणाला, मॅडम या भोकाला परत हात लावू नका. सासरे अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगतात.

सध्या राउटर खोक्यात पडलाय. कस्टमर केअरवाली म्हणते बाहेरचा राउटर चालतच नाही. खरं आहे का हे? आणि ते ९४ काय प्रकरण आहे?

गिगाबिट_गण्या:
तो फुकट मिळालेला डब्बा काढून टाका की सरळ. फायबर थेट नव्या राउटरला लावा, मधली कटकटच नको

स्प्लायसिंगवाला:
गण्याभाऊ, ताई आत्ताच एका खड्ड्यातून वर आल्यात, लगेच दुसरा कशाला खणताय.

ताई, मी याच लाईनचं काम करतो म्हणून सांगतो. तुमच्या राउटरला फायबरचं भोकच नसणार, त्याला वॅनचा पोर्ट म्हणजे साधा लॅनसारखाच जॅक असतो. फायबर उतरवून घेतो तो डब्बा, त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, आणि त्याचा सिरीयल नंबर कंपनीच्या तिकडच्या मशीनमध्ये नोंदवलेला असतो. एकाच फायबरवरून स्प्लिटर लावून ३२ नाहीतर ६४ घरं चालतात, सगळ्यांचा मिळून खाली येणारा डेटा अडीच जीबीपीएस, त्यामुळे कुठला डब्बा कुणाचा हे तिकडे माहीत असावंच लागतं. बाजारातून दुसरा ओएनयू आणून लावला तर दिवा नुसता लुकलुकत बसेल. काही लोकल केबलवाले तुमचा स्वतःचा ओएनयू नोंदवून देतात, पण ते त्यांच्या मर्जीवर.

तेव्हा केअरवाली म्हणते ते अर्धंच खरं. डब्बा त्यांचाच लागतो, पण त्याच्या मागे राउटर कुठलाही लावा, कोण बघायला येतंय.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीये तरी. डब्बा चपलांच्या कपाटावर आहे म्हणता तर ती बारीक पिवळी पॅचकॉर्ड कपाटाच्या दाराच्या बिजागरीत येत नाही ना ते आधी बघा. फायबर तुटलेली दिसत नाही पण कडक वळली की आतला उजेड बाहेर गळतो आणि पॉवर पडते. आमच्या मीटरवर वजा १८ ते वजा २३ आलं की आम्ही खूश, वजा २७ च्या खाली गेलं की डब्बा रडायला लागतो, तो लॉसचा लाल दिवा लागतो ना तेच. परवा एका घरी तीन वेळा कंप्लेंट होती, तिसऱ्या वेळी लक्षात आलं की फरशी पुसणाऱ्या मावशी रोज डब्बा उचलून त्याच्याखाली फडकं मारायच्या आणि ठेवताना वायर खाली दाबली जायची. आणि हिरव्या टोकाची वायर हिरव्याच सॉकेटला, निळ्या टोकाची त्यात ढोसायची नाही, हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, दोन्ही नीट जुळत नाहीत.

डबल_नॅट_देशपांडे:
९४ चं सांगतो कारण यात मी स्वतः एक अख्खा रविवार घालवलाय.

९३-९४ ला गाडी अडली म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चा पोर्ट किंवा १०० ची वायर आहे, १०० मधून थोडं ओव्हरहेड गेलं की हातात ९४ च येतात. यात तुमच्या कंपनीचा किंवा राउटरचा काही दोष नाही. आधी डब्याच्या मागे बघा, बऱ्याच डब्यांना एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे १०० चे, गिगाबिटवाला बहुतेक लॅन १. तुम्ही लॅन २ मध्ये घातली असेल तर तिथेच संशय घ्या. तरीही ९४ च आलं तर वायर. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, आणि जुन्या केबलवाल्यांची एक ट्रिक होती की एकाच वायरमधल्या चार तारांवर एक घर आणि उरलेल्या चारांवर शेजारचं घर चालवायचं. जॅकच्या पारदर्शक प्लास्टिकमधून तारांचे रंग दिसतात, मोजून बघा.

आता जोडायचं कसं. तुम्ही जे केलं होतं ते चुकीचं नव्हतं, पण त्यात डब्बा पण राउटर आणि तुमचा राउटर पण राउटर, दोघं आपापलं वेगळं नेटवर्क काढून बसतात म्हणून प्रिंटर सापडत नव्हता. तुमच्या कामाला सगळ्यात सोपं म्हणजे नव्या राउटरला एपी मोडमध्ये टाकणं, म्हणजे पत्ते वाटायचं काम डब्याकडेच राहतं आणि राउटर फक्त वायफाय फेकतो. डब्याला हातच लागत नाही, मग लँडलाईनचाही प्रश्न येत नाही. नवीन राउटरांत ऑपरेशन मोड म्हणून सेटिंग असतं, ॲक्सेस पॉइंट निवडा, तो एकदा बंद-चालू होईल, बास. असं सेटिंग नसेल तर हाताने करायचं, आधी त्याचा आयपी बदलून समजा १९२.१६८.१.२ ठेवा (डब्बा १९२.१६८.१.१ वर असेल तर, दोघांचा पत्ता एकच ठेवलात तर गोंधळ होईल), मग त्याचा डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटणं बंद करा, आणि वायर वॅनमध्ये न लावता त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर डब्याला चॅनल १ आणि राउटरला ११ द्या, ऑटोवर सोडलं की कधीकधी दोघं एकाच चॅनलवर जाऊन बसतात. प्रिंटर जुना असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसणारच नाही आणि डब्ल्यूपीए ३ पण झेपणार नाही, तेव्हा २.४ चालू ठेवा आणि सिक्युरिटी डब्ल्यूपीए २ ठेवा. गेस्ट नेटवर्कवर मात्र काही जोडू नका, तिथे एकमेकांना कोणीच दिसत नाही.

ब्रिज_मोड_बंडू:
एपी मोड वगैरे ठीक आहे पण खरी मजा ब्रिज मोडमध्ये. डब्ब्याला नुसता पाईप करायचा आणि पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करायचा, युजरनेम पासवर्ड आपल्या राउटरमध्ये टाकायचा, सगळा कंट्रोल आपल्या हातात. मी तीन वर्षं ओपन डब्ल्यूआरटी या राउटरच्या फुकट सॉफ्टवेअरवर चालवतोय.

मात्र आधी कंपनीकडून तीन गोष्टी लिहून घ्या, युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (एकाच लाईनवर इंटरनेटचा कप्पा ओळखायचा आकडा) लागतो का. व्हीलॅन ज्यांना लागतो त्यांचं तो टाकल्याशिवाय काही केल्या कनेक्ट होत नाही आणि एरर पण धड येत नाही. जुनं सेशन तिकडे लटकलं असेल तर नवीन राउटर लगेच चढत नाही, डब्बा पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवून मग लावायचा. आणि पीपीपीओई स्वतःचे ८ बाइट खातो म्हणून एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ठेवायचा, नाहीतर बाकी सगळं चालतं पण ऑफिसचं व्हीपीएन मध्येच दगड होऊन बसतं आणि तुम्ही ऑफिसच्या आयटीवाल्याशी भांडत बसता.

डबल_नॅट_देशपांडे:
बंडू, लँडलाईनचं पण सांग की. आणि कंपनी लांबून सेटिंग ढकलते तेव्हा काय होतं ते पण.

ब्रिज_मोड_बंडू:
हो ते राहिलं. फोनचं कनेक्शन डब्यात इंटरनेटपासून वेगळं असतं, त्याचं स्वतःचं सेटिंग असतं. फक्त इंटरनेटचं ब्रिज केलं तर फोन चालू राहतो, माझा चालतोय. पण ज्याला माहीत नाही असा माणूस सगळंच पुसून ब्रिज करतो आणि मग आजोबांचा फोन गेला. रिसेट केल्यावर फोन का गेला तेही याचमुळे, फोनचा नंबर-पासवर्ड पण त्या डब्यातच होता.

आणि कबूल, दोनदा कंपनीने रात्रीतून लांबूनच अपडेट मारला आणि सकाळी डब्बा परत राउटर झालेला. सकाळी सात वाजता बायको नेट का नाही विचारतीय आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन हॉलच्या फरशीवर, हे पण बघितलंय.

कॅमेरावाले_काका:
मध्येच विचारतो, मी पण बाहेरचा राउटर घेतलाय, दुकानातला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) घरून बघायला पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे राउटरमधून आत यायची वाट उघडली, सगळं बरोबर टाकलं तरी बाहेरून उघडत नाही. राउटर परत करू का?

ब्रिज_मोड_बंडू:
काका, थांबा. दुकानातल्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचं काही असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता कंपनी खूप जणांना मिळून वापरायला देते. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर वरचा डब्बाच अजून राउटर आहे, आधी त्याचं बघावं लागेल. सीजीनॅट असेल तर तुम्ही तुमच्या बाजूने कितीही दारं उघडा, वरचं दार कंपनीचं आहे, ते बंद. राउटर सोन्याचा आणलात तरी तेच. एकतर पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा न बदलणारा पत्ता, घ्या, नाहीतर डीव्हीआरच्या स्वतःच्या ॲपमधून क्यूआर स्कॅन करून बघा, त्याला पोर्ट लागत नाही.

पेठेतला_वाडेकरी:
आम्ही सदाशिवात, वाड्याची भिंत दीड-दोन फुटी. तिथे वायफाय ६ असू दे नाहीतर १६, पलीकडे काही जात नाही. मी मेशचे तीन डबे आणले, तिसरा दुसऱ्याकडून वायफायनेच घ्यायचा आणि दुसऱ्यालाच धड मिळत नव्हतं तर तो तिसऱ्याला काय देणार. शेवटी खिडकीच्या चौकटीतून वायर ओढली आणि मेश भाच्याला दिला. त्या ताईंकडे पाईपातून वायर आहे म्हणजे त्या नशीबवान आहेत, वायरीसारखं दुसरं काही नाही.

चहाबाज_कर्वेनगर:
सगळ्यांना थँक्यू, काल शनिवार सत्कारणी लावला, काय झालं ते सांगते.

पिवळी वायर बिजागरीतच होती! स्प्लायसिंगवाले दादा, तुम्हाला कसं कळलं. लाल दिवा कधी लागला नव्हता पण कपाटाचं दार लावताना ती चिमटायची, आता भिंतीला टेपने गोल वळवून लावलीय.

पोर्ट बघितला तर वायर लॅन २ मध्ये. लॅन १ मध्ये घातली, मोठ्या आशेने टेस्ट केली, ९४. मग जॅक उजेडात धरून बघितला. नारिंगी, हिरव्या जोडीच्या चार तारा पुढपर्यंत, आणि निळ्या-तपकिरी चार मागे दुमडून आवरणावर चिकटपट्टीने बांधलेल्या. म्हणजे देशपांडे म्हणाले तेच. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या हो गं, आमचं आधीचं नेट तुमच्याच घरातून यायचं की. कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे क्रिम्पिंगचं टूल होतं, त्याने येऊन दोन्ही टोकांना नवे जॅक मारून दिले, आठ तारांचे.

आता माझ्या टेबलावर वायफायवर १८० च्या आसपास, वायर लावली की १९५. राउटर एपी मोडला, दोन्हीकडे नाव एकच, प्रिंटर सापडला. एकच गोष्ट, फोन हॉलमधून मागे नेला तरी हॉलच्याच वायफायला चिकटून राहतो, एकदा बंद-चालू करावं लागतं.

डबल_नॅट_देशपांडे:
तो फोनचा स्वभाव आहे, अगदी सिग्नल मरेपर्यंत सोडत नाही. डब्याच्या वायफायची पॉवर कमी करायचं सेटिंग असेल तर मीडियम करून बघा. मिळालं नाही तर राहू द्या, पण परत रिसेटचं भोक नको :)

स्प्लायसिंगवाला:
आणि गुरुवारी लाईट जाते तेव्हा डब्बा आणि राउटर दोन्हीला बॅकअप लागेल, एकाला लावून उपयोग नाही. १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, पण दोन्ही अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपियर काय लिहिलंय ते वाचून घ्या, काही राउटरना १२ व्होल्टच पण २ अँपियर लागतात आणि छोटा यूपीएस तेवढं देत नाही.

चहाबाज_कर्वेनगर:
वाचलं, डब्बा १ अँपियर आणि राउटर २. घेते दोन वेगळे.

लँडलाईन चालू आहे हे सांगायचं राहिलं. सासऱ्यांनी खात्री करायला सकाळपासून तीन जणांना फोन लावले आणि तिघांनाही कानातल्याची गोष्ट सांगितली.